भट्टीवर हरवलेले दुसरे सत्र

भोसरीहून नाशिक रस्त्याने निघाले की मोशीपर्यंत दोन्ही अंगाला आपल्याच कष्टकरी माणसांची वर्दळ असते. पहिल्या पाळीला निघालेले कामगार, कंपनीच्या बसची वाट पाहणारे कंत्राटी तरुण, पदर खोचून धुण्याभांड्याच्या कामाला निघालेल्या बाया. मोशी मागे पडली की इंद्रायणीचा पूल लागतो. नदीपलीकडे खेड तालुका. मग चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा आणि पुढे चाकण. या रस्त्यावरून मोटारींचे सुटे भाग घेऊन जाणाऱ्या कंटेनरांची रांग रात्रंदिवस तुटत नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही वस्तीतले चौघेजण या रस्त्याने गेलो. काम साधे होते. वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिकेची एक खोली बांधायची होती. वर्गणी जमली होती, सिमेंट एका दुकानदाराने उधार दिले होते, विटा तेवढ्या स्वस्तात पाहायच्या होत्या. दुकानातून घेण्यापेक्षा थेट भट्टीवरून घेतल्या तर चार पैसे वाचतील म्हणून चिंबळी फाट्याच्या पुढे, महामार्ग सोडून, नदीच्या अंगाला आम्ही आत वळलो.

तिथे विटांचा सौदा झाला, पण घरी येताना आम्ही विटांपेक्षा जड असे काहीतरी सोबत आणले. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

भट्टीवरची दुनिया

भट्टीच्या आवारात पाऊल टाकले की प्रथम डोळ्यांत राख जाते. एका बाजूला मातीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कोळशाची चुरी आणि राखेचे ढीग. मधल्या सपाट जागेत कच्च्या विटांच्या ओळी उन्हात पडलेल्या. त्यांच्यामागे कच्च्या विटाच एकावर एक रचून, वर पाचट आणि प्लास्टिकचा कागद टाकून केलेल्या खोपी. उभे राहिले तर डोके छताला लागते. त्या खोपीत नवरा, बायको, दोन-तीन मुले, एखादी कोंबडी आणि सहा महिन्यांचा संसार.

काम पहाटे सुरू होते. पहाट कसली, रात्री दोन-तीनला. आदल्या संध्याकाळी भिजवलेला गारा नवरा पायाने तुडवतो, बायको वाहून आणते, मग साच्यात भरून वीट थापायची. ऊन चढण्याआधी जितक्या पडतील तितक्या. नवरा-बायकोची जोडी धरून मजुरी, आणि तीही हजारी विटेमागे. पावसाने किंवा कुत्र्या-मांजरांच्या पायाने ज्या बिघडतील त्या हिशेबात नाहीत.

थापलेली वीट वरून सुकली की तिला कडेवर उभी करावी लागते, नाहीतर खालून ओली राहते. हे काम मोठ्या माणसाने केले तर ओळींमधून चालताना विटा दबतात. लहान पोर हलके असते. त्याचे पाऊल विटांमध्ये मावते. म्हणून हे काम पोरांकडे येते. मालक त्यांना कामावर ठेवत नाही, त्यांचे नाव कुठल्याही वहीत नसते, मजुरीही त्यांना मिळत नाही. पण त्यांच्या हातांशिवाय जोडीचा हजाराचा आकडा पुरा होत नाही.

त्या दिवशी ओळींमधून अशीच एक मुलगी फिरत होती. नऊ वर्षांची असावी. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, आणि मोकळ्या हाताने ती एकेक वीट उभी करत होती. आम्ही पाण्यासाठी थांबलो तेव्हा ती आमच्याजवळ आली. राखेत काडीने तिने काही अक्षरे काढली होती. त्यातला 'र' उलटा होता. आमच्यातल्या एका ताईने तो पुसून सुलटा काढून दाखवला. मुलगी म्हणाली, "असा नाय. साच्यात बघा."

साचा पाहिला. त्याच्या तळाला भट्टीमालकाच्या नावाची अक्षरे बसवलेली होती. विटेवर ती सुलटी उमटावीत म्हणून साच्यात ती उलटी असतात. शाळा सुटल्यापासून त्या पोरीसमोर अक्षरे म्हणून एवढीच होती.

अर्धे पुस्तक

तिचे कुटुंब कातकरी. खालापूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीतले. वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे मुलगी तिसरीच्या पटावर होती. जूनपासून दिवाळीपर्यंत ती रोज शाळेत गेली. दिवाळी झाली, टेम्पो आला आणि भांडीकुंडी, कोंबडी, भाऊ यांच्यासोबत ती इकडे आली.

आता शाळेचे वर्ष आणि भट्टीचे वर्ष शेजारी ठेवून पाहा. शाळा जूनच्या मध्यावर भरते. दिवाळीपर्यंत पहिले सत्र, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एप्रिलअखेर दुसरे सत्र. भट्टी दिवाळीनंतर पेटते आणि पावसाच्या तोंडावर मे महिन्यात विझते. म्हणजे भट्टी नेमके दुसरे सत्र खाते, आणि ते दरवर्षी. पहिलीचे पुस्तक अर्धे, दुसरीचे अर्धे, तिसरीचे अर्धे. पुस्तकाची पुढची पाने तिने कधी पाहिलेलीच नाहीत. जूनमध्ये परत गेल्यावर ती वरच्या वर्गात बसते, पण गुरुजी जे शिकवतात ते मागच्या वर्षीच्या न पाहिलेल्या पानांवर उभे असते. तिथून पोर मागे पडू लागते. पाचवी-सहावीत तिला शाळेत बसणे लाजेचे वाटते, आणि मग एके वर्षी ती जूनमध्येही येत नाही. लोक म्हणतात, "आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही." आवड नव्हती की पुस्तक अर्धे होते, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न फक्त कातकऱ्यांचा नाही. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतले ठाकर आणि महादेव कोळी भाताची कापणी उरकली की पूर्वेकडच्या बागायतीत मजुरीला उतरतात. नारायणगावला त्यांचा मजूर बाजार भरतो हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कोयत्याची जोडी, पिंपरी-चिंचवडच्या नव्या इमारतींखाली पत्र्याच्या खोल्यांत राहणारे बांधकाम मजूर, सगळ्यांच्या पोरांची हीच गत. पण कातकरी सर्वांत खालच्या पायरीवर आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल हातचे गेले, काताचा धंदा गेला, आणि जमीन बहुतेकांच्या नावावर कधी नव्हतीच. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या ३ जमाती अतिदुर्बल म्हणून वेगळ्या काढल्या आहेत, त्यात कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत कातकरी आहेत.

उचल

आम्ही त्या मुलीच्या बापाला विचारले, "दादा, पोरीला आजीजवळ का नाही ठेवली?" तो हसला. म्हणाला, "आजी काय खाईल अन् पोरीला काय घालील? पावसाळ्यात उचल घेतली ती खाऊन झाली."

सगळी गाठ या उचलीत आहे. आषाढ-श्रावणात वाडीवर काम नसते, घरात दाणा नसतो. कोणी आजारी पडतो, कोणाचे लग्न निघते. त्या वेळी मुकादम येतो आणि रोख पैसे हातावर ठेवतो. ती उचल. दिवाळीनंतर येऊन ती फेडायची. भट्टीवर आठवड्याला फक्त खर्ची मिळते, पिठामिठापुरती. मे महिन्यात हिशेब होतो. हिशेब वहीत असतो आणि वही मुकादमाकडे. ज्याला वाचता येत नाही त्याने तो हिशेब कसा तपासायचा? उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा या देशात १९७६ साली झाला. आगाऊ रकमेपायी माणसाला कामाला बांधून ठेवणे हा तेव्हापासून गुन्हा आहे. पण बाप ज्या वहीत अडकला आहे ती वही वाचू शकेल अशी घरातली एकुलती व्यक्ती म्हणजे ती पोर, आणि तिचीच शाळा या वहीने सोडवली आहे.

आपणही आलेलेच

भट्टीवरून परतताना आमच्यातल्या वडीलधाऱ्या मामांनी आपली हकिकत सांगितली. १९७२ च्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला गेली होती. दुष्काळी कामे संपली तेव्हा कुटुंब गावी परतले नाही, पिंपरीला आले. ज्या गावात १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती, जिथे १९६२ नंतर औद्योगिक महामंडळाच्या जमिनींवर एकामागून एक कारखाने उठले होते, तिथे बिगारी का होईना, काम बारमाही होते. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. मामा नगरपालिकेच्या शाळेत शिकले, पुढे कंपनीत लागले.

मामा म्हणाले, "आम्हीही उपाशीच आलो होतो. पण आम्ही राहायला आलो. हे लोक सहा महिन्यांसाठी येतात. एवढाच फरक."

हा फरक थोडा नाही. जो कायमचा येतो त्याला उशिरा का होईना, वस्ती, रेशन कार्ड, मतदार यादी आणि शाळा मिळते. जो हंगामापुरता येतो तो इथेही नसतो आणि तिथेही नसतो. मतदान गावी, पोट इथे, आणि पोर दोन्हींच्या मध्ये.

बाबासाहेबांच्या लहानपणीचा एक प्रसंग आपल्याला माहीत आहे. १९०१ साली रामजीबाबा साताऱ्याहून दूर खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. तिथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तलाव बांधत होते. मुले त्यांच्याकडे सुट्टीत निघाली तेव्हा वाटेत गाडीवानाने आणि पाण्याने त्यांना अस्पृश्यतेची काय चटके दिली, ते बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. पण त्या प्रसंगाची दुसरी बाजू आपण फारशी पाहत नाही. बाप कामावर दूर गेला तरी मुले साताऱ्यालाच आत्याजवळ राहिली होती, म्हणून त्यांची शाळा तुटली नाही. आई गेलेली, घर आजारी आत्याच्या जिवावर चाललेले, तरी रामजीबाबांनी शाळा मोडू दिली नाही. त्यांच्या हाती दरमहा पगार होता, हे मात्र विसरू नये. त्याच तलावावर माती उपसणाऱ्या बापांची मुले कुठे होती, हाच आजचा प्रश्न आहे.

शाळा पोरांकडे गेली तेव्हा

हा प्रश्न कोणी हाती घेतलाच नाही असे नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांना येता येणार नाही हे त्यांना कळत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पोरे गुरे राखायला जातात, तर शाळाच कुरणात नेली. १९९० च्या दशकात विवेक पंडितांच्या विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा सुरू केल्या. भट्टीवरच्या खोपीला तिकडे भोंगा म्हणतात. साखर कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत संतुलन संस्थेने पाषाण शाळा उघडल्या. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल पुण्यात आली आणि बांधकामांवरच्या मुलांपर्यंत पोचली.

या सर्वांनी एकच गोष्ट ओळखली. पोर शाळेपर्यंत येत नसेल तर आधी शाळेने उठून चालायला हवे.

कायदा काय म्हणतो

त्या आठवड्यात आम्ही मुलीच्या बापाला घेऊन भट्टीपासून जवळच्या एका शाळेत गेलो. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आम्हाला बसवले, पाणी दिले. पण म्हणाल्या, "फेब्रुवारी संपत आला. दाखला नाही. नाव तिकडच्या पटावर आहे. दोन महिन्यांनी हे निघून जाणार. मी हिला कोणत्या खात्यात बसवू?"

वाचकहो, हे उत्तर आपल्यापैकी कोणालाही कुठेही मिळू शकते. म्हणून कायदा पाठ असू द्या. संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना १० वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे लिहिले होते. ती मुदत १९६० साली संपली. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्यात स्पष्ट आहे: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आला म्हणूनही नाकारता येत नाही. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा वेळ देऊन भरून काढायचा. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे महापालिका-जिल्हा परिषद यांची जबाबदारी आहे. ती त्या बापाची एकट्याची नाही.

महाराष्ट्रात यासाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. पोर कोणत्या वर्गात आहे, कुठवर शिकले आहे, हे त्यावर लिहून गावची शाळा देते, म्हणजे पुढच्या शाळेला पहिल्यापासून चौकशी करावी लागत नाही. २०२२ च्या जुलैत शाळाबाह्य मुले शोधण्याची जी 'मिशन झिरो ड्रॉपआउट' मोहीम झाली, तिचाही रोख स्थलांतरित मुलांवर होता. कागदावर वाट आहे. ती चालायला कोणीतरी सोबत लागते.

आम्ही बाईंना कलमे सांगितली, पण आवाज चढवला नाही. बापाच्या मोबाइलमध्ये वाडीच्या गुरुजींचा नंबर होता. बाई आणि गुरुजी एकमेकांशी बोलले. दोन दिवसांत पत्रकाचा फोटो आला. सोमवारी मुलगी तिसरीत बसली. तिच्यासोबत शेजारच्या भट्ट्यांवरची आणखी तीन मुले.

एकोणतीस दिवस

प्रवेश म्हणजे शाळा नव्हे, हे आम्हाला नंतर कळले. भट्टीपासून शाळा दोन किलोमीटर, आणि वाटेत डंपरांचा रस्ता. गावातला एक रिक्षावाला चार पोरांना नेण्या-आणण्यास तयार झाला. त्याचे पैसे आम्ही वस्तीतून काढले. धाकट्या भावाचे काय? आईने त्याला गाऱ्याशेजारी झोळीत टाकले. ज्या दिवशी भट्टी रचायची असे त्या दिवशी मुलगी शाळेत नसे.

एप्रिलअखेरपर्यंत शाळेचे ५० एक दिवस भरले असतील. ती २९ दिवस बसली. दुपारी पोटभर खिचडी मिळाली, मैत्रिणी झाल्या, आणि 'र' सुलटा झाला. वजाबाकीत हातचा घेणे जमू लागले. भागाकार राहून गेला.

मे महिन्यात टेम्पो आला. बाईंनी स्वतः नवे पत्रक भरून दिले. ते आईने प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डासोबत बांधून घेतले. जूनमध्ये आम्ही गुरुजींना फोन केला. मुलगी चौथीत आली आहे, रोज येते, असे ते म्हणाले.

पण हा लेख लिहीत असताना बाहेर पाऊस पडतो आहे. डोंगरात हे उपासाचे दिवस. मुकादम वाड्यांवर फिरत असतील. यंदा उचल घेतली की दिवाळीनंतर चौथीचे पुस्तकही अर्धेच राहणार. आम्ही गुरुजींना हंगामी वसतिगृहाबद्दल विचारले आहे. आईबाप कामावर गेले तरी मूल गावीच राहून जेवेल, शिकेल, अशी सरकारची ही योजना आहे. ते वेळेवर उघडले तर पोर थांबेल. आजीच्या पोटाची सोय झाली तर अधिक बरे. आणि पावसाळ्यातच वाडीवर मजुरीचे काम मिळाले तर उचलच घ्यावी लागणार नाही. रोजगार हमीची कल्पना याच महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तेव्हा काम मागणाऱ्यांत आपल्याच आया होत्या.

आपल्यापैकी पुष्कळजण भोसरी, चिखली, तळवडे, चाकण भागात राहतो. १९९७ साली मोशी-चिखलीसारखी गावे महापालिकेत आली, शेतांच्या जागी इमारती आल्या, आणि भट्ट्या मागे मागे सरकत गेल्या. पण आपल्या रोजच्या वाटेवर त्या अजून आहेत. बांधकामावर काम करणारे आपले भाऊ आहेत, शाळांतून खिचडी शिजवणाऱ्या आपल्या भगिनी आहेत, आपल्यातच शिक्षक आहेत. दिवाळीनंतर नवी खोप दिसली की एवढेच विचारा: "पोर कितवीत आहे? गावच्या गुरुजींचा नंबर आहे का?" मग त्या बापासोबत शाळेपर्यंत चाला. एकट्या बापाला दारातून परत पाठवणे सोपे असते, चौघे सोबत असले की तितके सोपे राहत नाही.

आमची अभ्यासिका उभी राहिली आहे. त्याच भट्टीच्या विटा आहेत. भिंतीला अजून गिलावा केलेला नाही, म्हणून विटांवरची अक्षरे दिसतात. वस्तीतली मुले संध्याकाळी तिथे बसतात. गिलावा करण्याआधी आम्ही त्यांना सर्वांना भिंतीजवळ नेले आणि ही वीट कोणी उभी केली ते सांगितले. दिवाळी झाली की त्यांच्यातली मोठी मुले आमच्यासोबत भट्टीवर येणार आहेत. ती तिथे दिसली नाही, तरच आम्हाला आनंद होईल.